कोणत्या तोंडानं बोलू?

पत्राचा सारांश: लिहिणारे गृहस्थ सांगली जिल्ह्यातल्या एका आगारातून एसटीचे वाहक म्हणून निवृत्त झाले. वय ६१. एका चालकाबरोबर त्यांची जवळजवळ वीस वर्षं जोडी होती. दोघांनी मिळून मुक्कामी गाड्या केल्या, एकमेकांच्या घरच्या लग्नांत वाढपी झाले. २०२१ च्या संपात दोघंही उतरले. पण मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, पतसंस्थेचे हप्ते थकलेले, म्हणून हे पुढच्या जानेवारीत कामावर हजर झाले. मित्र शेवटपर्यंत बाहेर राहिला. हे हजर झाले त्या दिवशी मित्रानं आगाराच्या ग्रुपवर लिहिलं, "ज्याच्या डबल बेलवर वीस वर्षं गाडी सोडली, त्यानं आज आम्हालाच सिंगल बेल दिली." तेव्हापासून बोलणं बंद. त्याच वर्षी हे निवृत्त झाले. मागच्या वर्षी मित्र नोकरीत असतानाच हृदयविकारानं गेला. रक्षाविसर्जनाला हे मागे उभे राहिले आणि वहिनींना न भेटता परतले. आता प्रथम पुण्यस्मरण आहे. मित्राच्या मुलानं फोन करून "काका, तुम्ही बाबांवर चार शब्द बोला" म्हटलंय. आगारातले जुने लोक विचारतात, "तू कोणत्या तोंडानं बोलणार?" त्यांचे प्रश्न असे: जावं का? गेलो तर बोलावं का? बोललो तर संपाचं काढावं का? आणि मित्राचा तांब्या संपाच्या आधीपासून आपल्या घरी पडून आहे, त्याचं काय करावं?

नमस्कार.

तुमचं पत्र वहीच्या आठ पानांवर आलं. अक्षर असं, की प्रत्येक ओळ वेबिलाच्या, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या कागदाच्या, रकान्यात बसवल्यासारखी. मी ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना चक्क पानं मोजली. संपावर साडेपाच पानं आहेत. कोण कधी हजर झाला, कुणाला निलंबनाची नोटीस आली, कुणी ग्रुपवर काय टाकलं, सगळं तारीखवार. एक पान प्रश्नांचं. आणि ज्याच्या पाठीमागे उभं राहून वीस वर्षं दोरी ओढलीत, त्या मित्राच्या वाट्याला दीड पान.

म्हणजे संपानं आधी तुमचं बोलणं बंद केलं, आणि आता आठवणींतही त्यानंच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आहे.

मला ते दीड पान फार आवडलं. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या मुक्कामाला तुम्ही जायचात, तिथं गावात निम्मं कानडी बोललं जातं, आणि तुमचा मित्र म्हाताऱ्या बायकांना "बर्री, कुंदर्री" (या, बसा) म्हणत गाडीत चढवून घ्यायचा. वीस वर्षांत त्याची कानडी तेवढ्याच दोन शब्दांवर थांबली, पण त्या बायकांना तो आपल्यातलाच वाटायचा. रात्री नऊला गाडी गावात लागली की देवळाच्या कट्ट्यावर डबा, मग उन्हाळ्यात टपावर झोप. रोकडीची पिशवी तुमच्या उशाखाली आणि तुमच्या पलीकडे, शिडीच्या बाजूला तो. का? तर "कोण वर चढलाच तर आधी माझ्यावर पाय पडंल." ही ओळ वाचून मी जरा थांबले. तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात, आणि पुढच्या परिच्छेदात पुन्हा संप.

मग तो पलूसकडचा ओढा. २०१९ चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सगळ्या जिल्ह्याला ते आकडे पाठ आहेत, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. पण तुम्ही सांगितलेली गोष्ट त्याच्या आधीच्या एका संध्याकाळची आहे, पाणी नुकतं चढायला लागलं होतं तेव्हाची. ओढ्याच्या पुलावरून पाणी, गाडीत चाळीस माणसं, आणि सगळी ओरडतायत, "घाला की ड्रायव्हरसाहेब, गुडघाभर पण न्हाय पाणी!" त्यानं गाडी बंद केली, किल्ली काढून खिशात घातली आणि खाली उतरून बिडी पेटवली. शिव्या सगळ्या तुम्ही खाल्ल्यात, कारण प्रवाशांच्या तोंडी लागणं हे वाहकाचं काम. पाणी ओसरल्यावर दिसलं, की पुलाची एक कड वाहून गेली होती.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते. थोडी उलटी सुरुवात करते, कारण "कोणत्या तोंडानं" हा तुमचा प्रश्नच नाही. तो आगारातल्या लोकांचा आहे, तुम्ही तो उचलून आपल्या खिशात घातलाय.

तुम्हाला बोलायला कुणी सांगितलं? मुलानं. पुण्यस्मरण कुणाचं? त्याच्या वडिलांचं. घर कुणाचं, मांडव कुणाचा? त्यांचा. मुलाला संप माहीत नाही असं तुम्ही पत्रात धरून चालला आहात. "त्याला काही कल्पना नसावी, म्हणून तर बोलावलं," असं लिहिलंय तुम्ही. मला हे पटत नाही. सहा महिने ज्या घरात पगार आला नाही, त्या घरातल्या मुलाला सगळं माहीत असतं. कोण हजर झालं, कोण नाही, ग्रुपवर कुणी काय लिहिलं, हे जेवताना बोललं गेलेलं असतं. तो मुलगा तेव्हा कॉलेजात होता, पाळण्यात नव्हता. मला वाटतं, त्यानं सगळं ठाऊक असूनच तुम्हाला फोन केलाय. माझा अंदाज चुकलेला असू शकेल. पण त्याच्या अजाणपणाचा फायदा घेतोय अशी जी टोचणी तुम्हाला लागली आहे, तिला सध्या तरी काही आधार नाही.

राहिले आगारातले लोक. तुम्हाला बोल लावणाऱ्यांपैकी स्वतः किती जण शेवटपर्यंत बाहेर होते, हे मला माहीत नाही आणि तुम्हीही मोजायला जाऊ नका. तो संप ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झाला, दिवाळी त्यातच गेली. महामंडळाचं शासनात विलीनीकरण ही मागणी होती. नोव्हेंबरात पगारवाढ जाहीर झाली तेव्हा काही जण परतले, काही हिवाळ्यात, आणि उच्च न्यायालयानं २२ एप्रिलपर्यंत हजर व्हायला सांगितल्यावर बाकीचे. या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आधी गेला आणि कुणीतरी मागे राहिला. तुमच्यासारख्या जोड्या राज्यभर फुटल्या असतील. एकीकडे उपसलेल्या पतसंस्था, मोडलेले दागिने, आणि दुसरीकडे "आता मागं फिरलो तर इतके दिवस कशासाठी काढले?" हा सवाल. कर्मचाऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्याही आपण त्या महिन्यांत वाचल्या.

तुम्ही पत्रात तीनदा विचारलंय, "ताई, माझं चुकलं का?" मी याचं उत्तर देणार नाही. टाळते आहे असं नाही. माझं उत्तर काहीही असलं तरी ते तुम्हाला उपयोगी पडणार नाही. मी "नाही चुकलं" म्हटलं, तर तुम्ही माझा कागद घेऊन त्याच्या फोटोसमोर उभे राहाल आणि तुमच्या लक्षात येईल, की निकाल भलत्याच कोर्टातून आणलाय. तुमचं हजर होणं आणि त्याचं बाहेर राहणं, दोन्हीमागे घर होतं. तुमच्या घरी लग्न होतं. त्याच्या घरी काय होतं, हे त्याच्या घरच्यांना विचारता येईल, पण आत्ता नको, सवडीनं.

आणि आता ती ओळ. पत्राच्या अगदी शेवटी, सही करण्याआधी, तुम्ही लिहिलंय: "दोन वर्षांपूर्वी पाडव्याला त्याचा फोन वाजला होता, मी उचलला नाही. तो वाजून वाजून बंद झाला." पुढे "कळावे" आणि सही.

आठ पानांतलं खरं पत्र ही एक ओळ आहे. संपाचं तुम्ही चारचौघांत बोलू शकता, त्याला दोन बाजू आहेत, ऐकणारे दोन्हीकडचे मिळतील. या फोनला दुसरी बाजूच नाही. म्हणून तो कुणाला सांगितला नसावा तुम्ही, घरीही नाही.

तुम्ही धरून चाललात, की तो समेट करायला फोन करत होता आणि तुम्ही समेट मोडलात. असेलही. पण त्या फोनमध्ये काय होतं हे तुम्हाला माहीत नाही, मला नाही, कुणालाच कधी कळणार नाही. एखादा जुना कागद हवा असेल. पाडवा म्हणून सगळ्यांनाच लावले असतील. खिशात दाबला गेलेला असेल, असे फोन मला आठवड्याला दोन येतात. किंवा खरंच गोड बोलायचं असेल, किंवा चार शब्द सुनवायचे असतील. तुम्ही त्या वाजण्यात माफीही भरू नका आणि शिक्षाही. तो एक न उचललेला फोन आहे, तेवढाच राहू द्या. आणि एवढंही बघा, की त्यानंतर वर्षभर तुमच्याकडून त्याला लागत होता आणि त्याच्याकडून तुम्हाला. दोघांनीही लावला नाही. एकाच जोडीतली माणसं होतात, अडून बसण्यातही जोडी राहिली.

मला कळतंय, हे वाचून बरं वाटणार नाही. बरं वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. पण माइकवर उभं राहताना तुमच्या डोक्यात तो फोन वाजत असेल, तर तुम्ही मित्राबद्दल न बोलता स्वतःच्या सुटकेसाठी बोलाल. आपल्याकडच्या शोकसभांत हे नेहमी होतं. माणूस गेलेल्याविषयी बोलायला उभा राहतो आणि पाचव्या मिनिटाला आपल्याविषयी बोलू लागतो. लोक डोळे पुसतात, पण घरच्यांना काही मिळत नाही.

घरच्यांना काय हवं असतं, हे मला एका मुलीनं शिकवलं. मी पूर्वी एका छापखान्याशी जोडलेल्या कचेरीत काम करत होते. तिथले एक प्रूफं तपासणारे सहकारी गेले. शोकसभेत मी बोलले, चांगलं बोलले, तयारी करून बोलले: निष्ठा, शुद्धलेखन, भाषेवरचं प्रेम. सभा संपल्यावर त्यांची मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबा ऑफिसात हसायचे का?" मी गोंधळले. ती म्हणाली, "घरी नाही हसायचे फारसे. म्हणून विचारलं." ते हसायचे. रोज हसायचे. दुपारी चहाला एखादी गमतीशीर छपाईची चूक वाचून दाखवायचे आणि खोकला येईपर्यंत हसायचे. माझ्या भाषणात ते कुठेच नव्हतं.

तुमच्या मित्राच्या घरच्यांनी नवरा पाहिलाय, बाप पाहिलाय, झोपलेला, दमलेला, ड्यूटी संपवून आलेला माणूस पाहिलाय. स्टिअरिंगवरचा माणूस त्यांनी पाहिलेला नाही. तो दिवसाचे आठ-दहा तास आणि मुक्कामाच्या रात्री तुमच्याकडे होता. टपावर शिडीच्या बाजूला झोपणारा माणूस वहिनींना माहीत नसेल. ओढ्यापाशी किल्ली खिशात घालणारा बाप मुलाला कदाचित कुणी सांगितलाच नसेल, कारण असली गोष्ट स्वतः सांगायला तो काही बढाईखोर नव्हता, असं तुम्हीच लिहिलंय. हा माणूस आज फक्त तुमच्याजवळ आहे. तो तुमच्याबरोबरच जाऊ द्यायचा का, हे ठरवा. बोलायचा हक्क आहे की नाही, हा वाद मग आपोआप मागे पडतो. ज्याच्याकडे दुसऱ्याची वस्तू आहे त्यानं ती पोचती करायची असते.

तेव्हा जा. बोलता आलं तर बोला. कसं, ते सांगते.

पुण्यस्मरणाचा कार्यक्रम तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी कीर्तन, दुपारी बारा वाजता फुलं, मग जेवण. फुलं पडण्याआधी भाषणं, त्यात आधी पुढारी. फ्लेक्सवर "मनमिळाऊ, हसतमुख, परोपकारी" लिहिलेलं असेल. (सांगली-साताऱ्याकडे गेलेला प्रत्येक माणूस हे तिन्ही असतो, माझी बिनतक्रार इच्छा आहे, की माझ्या फ्लेक्सवर यातलं एकही नसावं.) तुमची पाळी येईल तेव्हा लोक घड्याळाकडे बघत असतील. म्हणून चार मिनिटं, जास्त नाही. एका कागदावर लिहून न्या, आणि घरी एकदा मोठ्यानं वाचा. डोळ्यांना सोपं वाटलेलं वाक्य जिभेवर अडखळतं आणि रडू नेमकं कुठे फुटतं, तेही घरीच कळतं.

सुरुवातीला तुम्ही कोण ते सांगा, "मी त्यांचा कंडक्टर." एवढं पुरे. मग दोनच प्रसंग. टपावरची झोप आणि ओढा. तिसरा सांगायचा मोह होईल, तो जेवणाच्या पंगतीसाठी ठेवा. विशेषणं नकोत. किल्ली खिशात घातली हे सांगितलंत, की "जबाबदार" हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आपसूक येतो. तुम्ही उच्चारलात तर उलट तो हलका होतो.

संपाचं? एक वाक्य बोला, टाळू नका. मांडवात बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक असताना तुम्ही गाळलंत, तर तेवढंच गाळलेलं त्यांच्या लक्षात राहील. वाक्य साधं ठेवा: "शेवटची अडीच-पावणेतीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. त्यात मीही पुढं झालो नाही." इथं थांबा. का, कशामुळे, कोण बरोबर, काही नको. मुलीचं लग्न नको, पतसंस्था नको. ग्रुपवरची ती ओळ तर अजिबात नको, ती त्याची सगळ्यात कडू ओळ आहे आणि तिला उत्तर द्यायला तो नाही. पाडव्याचा फोनही माइकवर नको.

आणि समजा उभं राहवलंच नाही, तर? तर मुलाला सांगा, "बोलवत नाही रे, पण लिहून आणलंय," आणि कागद त्याच्या हातात द्या. तो वाचेल किंवा घडी करून ठेवेल. दोन्ही चालेल. मग पंगतीत वाढायला उभे राहा. तुम्ही दोघं एकमेकांच्या घरी वाढपी होतात, तेव्हा आमटीचं भांडं हातात घेतलेला तुमच्यासारखा माणूस तिथं परका दिसणार नाही. कुणी "कोणत्या तोंडानं" म्हणालं, तर त्याच्या पानात आमटी वाढा.

पण हे सगळं कार्यक्रमाच्या दिवशीचं. माझ्या मते त्याच्या आधी एक काम आहे आणि ते जास्त अवघड आहे. वहिनींना आधी भेटा. आठ-दहा दिवस आधी, साध्या वारी, सकाळच्या गाडीनं. त्यांना तुमचं पहिलं दर्शन मांडवात माइकसमोर होऊ नये. रक्षाविसर्जनाला न भेटता गेलात ते त्यांनी पाहिलं असणार. बायकांचं लक्ष नसतं हा पुरुषांचा गैरसमज आहे. आपल्याकडे सांत्वनाला एकदा जायचं राहिलं, की पुढे जाणं दर महिन्याला अवघड होत जातं, "आता इतक्या उशिरा काय जायचं" म्हणून. वर्षानं गेलात तरी चालतं. आधीच्या गर्दीत आलेली माणसं कुणाला धड आठवतही नाहीत, नंतर एकटा आलेला माणूस आठवतो. गेल्यावर सबब सांगू नका. "वहिनी, यायला उशीर केला मी," एवढं म्हणा. त्या रागावल्या तर ऐकून घ्या, प्रवाशांचं ऐकायचात तसं. रडल्या तर रडू द्या. निघताना "येतो" म्हणायचं नसतं हे तुम्हाला माहीतच आहे, उठायचं आणि निघायचं.

पाडव्याच्या फोनचं सांगायचं असेल, तर त्या घरात फक्त वहिनींना, आणि तेही त्यांनी विषय काढला तर. त्यांना त्या फोनविषयी काही माहीत असेल, तर त्या आपणहून बोलतील. तुम्ही खोदून विचारलंत, की "काय म्हणायचं होतं त्याला?", तर त्या बिचाऱ्या तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगतील, आणि ते खरं की नाही हे तुम्हाला आयुष्यभर कळणार नाही. घरी मात्र बायकोला सांगा. दोन वर्षं एकट्यानं धरून बसलाय ते.

त्या भेटीत आणखी एक विचारा, आणि हे खरं तर मला सगळ्यात आधी लिहायचं होतं: पेन्शन सुरू झालं का? नोकरीत असताना माणूस गेला, की फंड, ग्रॅच्युइटी, ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेचं विधवा पेन्शन, मुलाची अनुकंपेवरची नोकरी, अशी कागदांची चळत असते, आणि पेन्शनच्या १०-डी अर्जात नावातल्या एका वेलांटीवरून महिनोन्‌महिने जातात. तुम्ही स्वतः निवृत्तीच्या वेळी यातून गेला आहात. विभागीय कार्यालयात कोणत्या टेबलावर काय अडतं हे तुम्हाला माहीत आहे, त्या मुलाला नाही. अनुकंपेच्या अर्जाला मुदत असते, ती चालू आहे ना, तेवढं तरी लगेच बघा. एखादा दिवस त्याच्याबरोबर जाऊन बसा. माइकवरच्या चार मिनिटांपेक्षा तुमच्या मित्राला हे जास्त आवडलं असतं, असं मला तुमच्या दीड पानावरून वाटतं. त्याला भाषणं आवडत नव्हती असं तुम्हीच लिहिलंय.

अशी पत्रं या सदराकडे अधूनमधून येतात, म्हणून तुमच्या पत्राच्या निमित्तानं इतरांसाठीही थोडं. मिरजेच्या एका परिचारिकेनं मागे लिहिलं होतं, की सोळा वर्षं रात्रपाळी एकत्र केलेली मैत्रीण गेली, पण तिच्या घरचे मला ओळखतसुद्धा नाहीत, मी कुठल्या नात्यानं जाऊ? साताऱ्याच्या एका शिक्षकांचं असंच होतं. कामावरच्या मैत्रीला आपल्याकडे नाव नाही. नातेवाइकांत ती बसत नाही, शेजारपाजारात बसत नाही, आणि माणूस गेला की कुठल्या रांगेत उभं राहायचं ते कळत नाही. ज्यांना बोलावणं नाही, त्यांनी पत्र लिहावं. हातानं, एक पान. "आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत" हे वाक्य सोडून काहीही लिहा. तो डब्यात काय आणायचा, कोणत्या गोष्टीला चिडायचा, कुणाची बदली झाली तेव्हा कसा भांडला. उत्तराची अपेक्षा ठेवू नये, आणि "उत्तर नको" असं पत्रातच लिहावं, म्हणजे घरच्यांवर ओझं राहत नाही. कामाच्या ठिकाणचे फोटो असतील तर छापून द्यावेत आणि मागे साल नि उभ्या असलेल्यांची नावं पेन्सिलीनं लिहावीत. मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर जातात. आणि गेलेल्या माणसाचा नंबर ग्रुपवर असतो, तो घाईनं काढू नये. बऱ्याचदा त्या नंबरवरून बायको किंवा मूल वाचत असतं. भांडण असलं तर त्याच ग्रुपवर "तो असा होता, तसा होता" याची उजळणी न करणं हे तर आलंच. तुमच्या आगाराच्या ग्रुपला हे कुणीतरी सांगायला हवं.

राहिला तांब्या.

तुम्ही लिहिलंय, की मुक्कामाला तुम्ही दोघं त्याच तांब्यातलं पाणी प्यायचात आणि संपाच्या आधीच्या शेवटच्या मुक्कामाहून येताना तो तुमच्या पिशवीत राहिला. परत द्यावा तर "इतके दिवस ठेवला" असं होतं, ठेवावा तर चोरल्यासारखं वाटतं. वहिनींच्या भेटीला जाताना तो घेऊन जा. त्या "राहू द्या तुमच्याकडंच" म्हणाल्या, तर वाद न घालता परत आणा. त्यांनी ठेवून घेतला, तर रिकाम्या हातानं या. यातलं काय व्हावं हे तुम्ही आधी ठरवू नका.

नेण्याआधी चिंच लावून घासून घ्या, तांबं काळवंडलं असेल. पण त्याला जो पोचा आहे म्हणता, टपावरून पडला तेव्हाचा, तो काढायला तांबटाकडे देऊ नका. मुलगा विचारेल, हा कसा पडला म्हणून.